बँडस्टँडवर ‘कालिया मर्दन’

पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमधल्या बँडस्टँडवर एखाद्या संध्याकाळी दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट दाखवावा आणि साथीला आमच्या कोकणी दशावतारी नाटकातली पेटी, मृदंग आणि झांज असावी, हा विचार बरेच महिने माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. कुणाला सांगितलं की ‘छान कल्पना आहे’ म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. म्हणून आज सगळं नीट मांडते.

ही बाग माझी रोजची. माहेर मालवण तालुक्यातलं, नोकरी अठरा जून रस्त्यावरच्या बँकेत. संध्याकाळी सुटले की बागेतून वळसा घालूनच घरी जाते. बाकांवर पेन्शनर मंडळी असतात, दप्तरं टाकून पळणारी मुलं असतात, कॅफे तातोत भाजी-पाव खाऊन दोन मिनिटं टेकायला आलेले लोक असतात. मध्ये बँडस्टँड, बहुतेक दिवस रिकामा. त्याच्या कठड्याला टेकून कॉलेजची पोरं मोबाईलवर रील बघत असतात.

बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, इथली झाडपाल्याची औषधं इथल्याच वैद्य-हकिमांकडून समजून घेतली आणि १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या पुस्तकात ती नोंदवून ठेवली. तो ज्यू घराण्यातला, म्हणून मेल्यानंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र आजही वाचता येतं. त्या फाटकातून आत जाताना हे मला हटकून आठवतं, आणि गेल्या काही महिन्यांत त्याच्या पाठोपाठ सिनेमाची जळालेली रिळंही आठवतात. त्यांच्याकडे येतेच.

नोव्हेंबरात पणजी बदलते. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इथे भरतो. त्याआधी हा महोत्सव शहरं बदलत फिरायचा; पहिला १९५२ च्या जानेवारीत मुंबईत झाला होता. आता मांडवीच्या काठाने, जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीपासून कला अकादमीपर्यंत, सगळा कांपाल दिव्यांनी उजळतो. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात धावत असतात. मला हे दिवस मनापासून आवडतात. मी रजा टाकते. इराणचा, पोलंडचा, मणिपूरचा सिनेमा पायी जाऊन बघता येतो, हे केवढं मोठं भाग्य आहे! मिरामारच्या वाळूत आणि आल्तिनोच्या जॉगर्स पार्कात उघड्यावरही खेळ झाले आहेत. त्या खेळांना येणारी माणसं वेगळी असतात. चटई घेऊन आलेली कुटुंबं, मासळी बाजारातून थेट आलेल्या बायका, आजीच्या मांडीवर झोपलेली पोरं. ओळखपत्र नाही, रांग नाही. माझं म्हणणं या माणसांसाठी आहे.

आता थोडं मागे जाते. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या फिल्मा पहिल्यांदा दाखवल्या गेल्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांचं, म्हणजे सावेदादांचं नाव त्या मानाने कमी घेतलं जातं. मुंबईतले हे छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये लावलेली एक कुस्ती चित्रित केली. पैलवान पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी. रीळ धुण्यासाठी परत विलायतेला पाठवावं लागलं. भारतीय माणसाने केलेलं पहिलं चित्रीकरण म्हणून याच कुस्तीचा उल्लेख होतो. आणि ती झाली एका बागेत! मुंबईच्या पाण्याच्या टाकीवर वसवलेल्या सार्वजनिक बागेत, दिवसाच्या उजेडात.

दोन वर्षांनी याच सावेदादांनी रँग्लर परांजप्यांचं स्वागत टिपलं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ मध्ये ते केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले आणि १९०१ च्या डिसेंबरात मुंबईत परतले, तेव्हा बंदरावर त्यांना बघायला गर्दी लोटली होती. सावेदादांची ती फिल्म म्हणजे आपल्याकडचा पहिला वार्तापट मानतात. कोकणातल्या एका खेड्यातला मुलगा गणितात पहिला आला, ही देशातली पडद्यावरची पहिली बातमी. मला याचा फार अभिमान वाटतो. मुर्डी-आंजर्ल्याच्या शाळेत दर वर्षी मुलांना हे सांगायला हवं.

आणि तोरणे. रामचंद्र गोपाळ तोरणे, आमच्या मालवणकडचे. १८ मे १९१२ ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच थिएटरात ३ मे १९१३ ला आला, म्हणजे जवळजवळ वर्षभराने. तरी पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे जातो. कारणं दिली जातात ती अशी: ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला, रीळ लंडनला धुतलं गेलं. पहिला कोण या वादात मला रस नाही. फाळके ते फाळकेच. पण ‘ते तर नुसतं नाटकाचं चित्रण’ हे वाक्य ऐकलं की मला बोलावंसं वाटतं.

आमच्या भागातला माणूस कॅमेरा हातात आल्यावर आधी काय टिपेल? नाटकच ना! कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार बघत मोठा झालेला माणूस तो. देवळासमोरचं अंगण, एक बाकडं, एका कडेला पेटी आणि मृदंग, आणि समोर जमिनीवर बसलेला गाव. त्या बाकड्याचं सिंहासन होतं, पर्वत होतो, पलंगही होतो. प्रेक्षक एका जागी बसून बघतो. तोरण्यांनी कॅमेरा उभा केला तो याच प्रेक्षकाच्या जागी, असं मी समजते. हा त्यांचा कमीपणा मला वाटत नाही. पुढे हेच तोरणे सिनेमाच्या यंत्रसामग्रीच्या धंद्यात शिरले, ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाच्या ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणण्यात त्यांचा वाटा होता, पुण्यात त्यांनी सरस्वती सिनेटोन काढली. मूकपटाच्या आरंभाला आणि बोलपटाच्या आरंभाला, दोन्हीकडे हा मालवणचा माणूस हजर आहे. मालवणच्या जेटीवर किल्ल्याची माहिती देणारे किती फलक आहेत! तोरण्यांच्या नावाचा एखादा तरी असावा.

माझे बाबा दशावतारी कंपनीत पेटी वाजवायचे. आता गुडघ्यांमुळे रात्र-रात्रभरचा प्रवास झेपत नाही, पण जवळपासच्या जत्रांना अजून जातात. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण राजपार्टी आणि कोण स्त्रीपार्टी ते ठरलेलंच असतं, बाकी सगळं उभ्या उभ्या. पेटीवाल्याची आणि मृदंगवाल्याची नजर सतत नटाच्या अंगावर. नट कधी गाईल, कधी गिरकी घेईल, युद्धाला कधी तोंड लागेल, हे आधी कुणीच सांगत नाही. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, तुम्हांला कळतं कसं? ते म्हणाले होते, “राजा काय आमका सांगान येता? तेचे पाय दिसले की वाजवूचा.”

मूकपटाला साथ करणारा वादक नेमकं हेच करत असे. पडद्याच्या खाली किंवा बाजूला बसायचं, मान वर, हात वाद्यावर. आपल्याकडच्या थिएटरांत पेटी-तबला असे. इंग्रजी चित्रपट लावणाऱ्या मुंबईच्या मोठ्या थिएटरांत व्हायोलिन, पियानो असे आणि ते वाजवणारे बरेचसे गोव्याचे असत. इथल्या चर्चच्या शाळांत सूर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकलेली मुलं बोटीने मुंबईला जायची आणि थिएटरात नोकरीला लागायची. बोलपट आल्यावर त्यांच्या त्या जागा गेल्या, आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचेच वादक बसले. म्हणजे मांडवीच्या या काठाला मूकपटाची साथ करणारी व्हायोलिनं आहेत आणि तेरेखोलच्या पलीकडे पेटी-मृदंग आहे. दोन्हींच्या मधोमध ही बाग आणि तो बँडस्टँड. बँडस्टँड बांधला जातो तोच मुळी वादकांना बसायला.

२०२४ च्या इफ्फीत रिस्टोअर केलेला ‘कालिया मर्दन’ थेट वाद्यांच्या साथीने दाखवणार असं कळल्यावर मी बाबांना पणजीला घेऊन आले. जत्रांचे दिवस, त्यामुळे ते नाखूष होते. त्याआधी त्यांनी हा चित्रपट माझ्या फोनवर थोडासा पाहिला होता आणि त्यांना तो अजिबात आवडला नव्हता. “हे सगळे धावतत कित्याक?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला सोळा. पुढे बोलपटात चोवीसचा वेग आला. सोळाने घेतलेलं चित्र चोवीसने चालवलं की माणसं तुरुतुरु धावायला लागतात आणि आपण समजतो की जुने लोक तसेच नाचरे होते. मी हे समजावून सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे लय तेच्या हातात होती.” कॅमेरावाल्याच्या! मूकपटांबद्दल मी बरंच वाचलंय, पण हात फिरवणाऱ्याकडे लयदार म्हणून बघावं हे मला त्या दिवशी पेटीवाल्याने शिकवलं.

तर आम्ही थिएटरात बसलो. ‘कालिया मर्दन’ १९१९ चा. कृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलंय. चित्रपट सुरू होतो तो कृष्णाने नव्हे. आधी मंदाकिनीच समोर येते, साधी मुलगी म्हणून, आणि एकामागून एक भाव करून दाखवते. राग, हसू, रडू. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर रोखलेला. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. बाबा पुढे सरकून बसले. जत्रेत आम्ही पोरं रंगपटाच्या झापाला डोळे लावून उभी असायचो. आत नट आरसा मांडीवर घेऊन स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत असायचे. ओळखीचा गाववाला बघता बघता नारद व्हायचा. फाळक्यांनी रंगपटाचा झाप बाजूला करून सगळ्या गावाला आत बोलावलंय, असं मला वाटलं. ते त्यांना का करावंसं वाटलं असेल? मला वाटतं, लेकीचं कौतुक. एवढंसं पोर काय करू शकतं, ते आधी बघा आणि मग देव बघा.

पुढे कृष्णाच्या खोड्या, गावकऱ्यांची तक्रार, आणि शेवटी डोह. कृष्ण पाण्यात उडी घेतो, पाण्याखाली कालियाशी झुंज, काठावर यशोदेचा आकांत. आजच्या डोळ्यांना कापडी साप ओळखू येतो. पण थिएटरात कुणी हसलं नाही. वाद्यांची साथ फार सुंदर होती, मन लावून केलेली. फण्यावर कृष्ण उभा राहिला तेव्हा माझ्या शेजारी खुर्चीच्या हातावर बोटं पडायला लागली. बाबा ठेका धरत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “पाय बघ तिचे. समेर पडतत.”

शंभर वर्षांपूर्वी एका लहान मुलीने धरलेला ठेका बाबांना दिसला. फिल्म मुकी आहे, त्या वेळी सेटवर काय वाजत होतं ते कुणाला ऐकू येणार? पण पाय समेवर पडतात म्हणजे त्या पायांच्या मनात काहीतरी वाजत होतं. बाहेर आल्यावर बाबा एवढंच बोलले की डोहाच्या वेळी त्यांनी पेटी पूर्ण थांबवली असती आणि मृदंग एकटा सोडला असता. परतीच्या बसमध्ये सावंतवाडीपर्यंत त्यांच्या डोक्यात तेच चाललं होतं.

आता जळालेल्या रिळांबद्दल. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या वर चित्रपट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातले उरलेत तीसच्या आसपास, आणि त्यातही कित्येक तुकड्यातुकड्यांनी. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते आणि पेटली की पाण्यानेही विझत नाही. शिवाय फिल्मवरच्या लेपात चांदी असते. बोलपट आल्यावर जुनी रिळं कवडीमोल झाली आणि चांदी काढायला विकली गेली. जी गोदामात राहिली ती दमट हवेने चिकटली. कोकणात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, आमच्याकडे आषाढात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट रिळं ठेवलेल्या कोठीला आग लागली तेव्हा उरलंसुरलंही बरंच गेलं. सावेदादांची कुस्ती नाही. रँग्लरांचं स्वागत नाही. तोरण्यांचा ‘पुंडलिक’ नाही. फाळक्यांच्या एवढ्या मोठ्या कामातून सर्वांत सलग असा उरला तो हा ‘कालिया मर्दन’, आणि तोही पूर्ण नाही.

जे एवढंसं उरलंय ते फक्त ओळखपत्रवाल्यांच्या थिएटरात राहू नये, असं माझं ठाम मत आहे. संग्रहालयाच्या लोकांनी ते एकेक चित्र साफ करून वाचवलं, त्यांचे उपकार आहेत. पुढचं काम आपलं. हा सिनेमा सुशिक्षितांसाठी केलेला नव्हता. फाळके, बाबूराव पेंटर यांची पौराणिकं तंबूत, मैदानात, जत्रेत दाखवली जायची. वाचता येणारा एखादा माणूस पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवायचा. म्युनिसिपल गार्डनमध्ये संध्याकाळी बसणारे लोक म्हणजे त्याचा खरा प्रेक्षक. परराज्यांतून बांधकामावर आलेले मजूरही तिथे रविवारी येतात. कृष्णाची गोष्ट त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही, आणि भाषेची अडचण मूकपटाला नाहीच.

अडचणी मी विचारात घेतल्यात. भोवती वाहनांचे आवाज आहेत. मृदंग आणि झांज उघड्यावर वाजवायचीच वाद्यं आहेत, त्यांना त्याचं काही नाही. पेटीला मात्र माइक लागेल. रस्त्याचे दिवे पडद्यावर येतात, म्हणून पडदा चर्चच्या बाजूला पाठ करून लावावा लागेल. पाऊस जाऊन दव पडायच्या आत, म्हणजे नोव्हेंबराचा शेवट, संध्याकाळी सातनंतर. बागेतली झाडं तोडायची, फांद्या छाटायच्या असं काही करायचं नाही. झाडं मधे आली तर पडदा हलवायचा. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो, त्यामुळे १९१९ चा चित्रपट दाखवायला हक्काचा प्रश्न येत नाही. चांगली प्रत मिळवण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागेल, तो मी करणार आहे. आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्याला वेग नीट ठेवायला सांगायचं, नाहीतर मंदाकिनीचे पाय समेवर पडायचे नाहीत आणि बाबा उठून जातील.

गावी तालीम सुरू झाली आहे. आमच्या पडवीत भिंतीवर चादर, भाच्याने आणलेला छोटा प्रोजेक्टर, बाबा पेटीवर आणि कंपनीतले त्यांचे जुने जोडीदार मृदंगावर. गोव्याकडून एक व्हायोलिनही असावं अशी माझी इच्छा आहे. म्हापशाच्या एका ओळखीच्या शिक्षिकेने येऊन बघते म्हटलंय. डोहाचं जमलंय. दहीहंडीच्या खोड्यांना दशावतारातल्या संकासुराची, त्या गमत्या राक्षसाची, चाल घेतलीय आणि ती इतकी चपखल बसलीय की शेजारची पोरं पडवीत येऊन नाचली.

अडलंय सुरुवातीला. मंदाकिनी नुसती मुलगी म्हणून भाव करते, तिथे काय वाजवायचं? बाबा म्हणतात काहीच नको, कृष्ण झाल्यावरच पेटी उचलायची, कारण रंगपटात कुणी वाजवत नाही. मृदंगवाले काका म्हणतात, प्रेक्षक समोर बसलाय म्हणजे नाटक सुरू झालं, आणि आधी गणपतीची नांदी हवीच, नाहीतर आपण कंपनीचं नाव कशाला सांगतो! दोघांनीही एकमेकांचं ऐकायचं नाही असं ठरवलंय. पुढच्या रविवारी दोन्ही तऱ्हांनी वाजवून बघणार आहेत. मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडच्या कुणाच्या घरात तंबूतल्या सिनेमाला पेटी वाजवणारं माणूस होऊन गेलं असेल आणि ते काय वाजवायचं हे कुणाला आठवत असेल, तर त्याआधी मला कळवा.